पहिला घोट जमिनीला

हायडेलबर्गच्या वसतिगृहात आमच्या मजल्यावर बोलिव्हियाची एक मुलगी राहायची. बिअर उघडली की पहिला घोट ती सामायिक स्वयंपाकघराच्या फरशीवर ओतायची. तो धरणीमातेचा मान. एकदा शेजारचा जर्मन मुलगा वैतागला, ‘‘हे रानटी चाळे तुमच्या देशात करा.’’

ती शांतपणे म्हणाली, ‘‘आमचा चांदीचा डोंगर पोखरून युरोपात आणलात, तेव्हा त्या जमिनीला काय दिलंत?’’

तो माझ्याकडे बघायला लागला, कारण त्या आठवड्यात फरशी पुसायची पाळी माझी होती. माझे वडील रोज जेवणाआधी ताटाशेजारी जमिनीवर चित्राहुती घालायचे. म्हणजे तेही रानटीच. मी फडकं बाजूला टाकलं आणि माझ्या बाटलीतला पहिला घोट तिथेच ओतला. पाळी माझी होती. कधी पुसायचं ते मी ठरवणार होतो.