नंतर बोला

कुसुमशी माझं शेवटचं बोलणं अर्ध्या मिनिटाचंसुद्धा झालं नाही. कुसुम माझी धाकटी जाऊ. मी नोएडातल्या आमच्या घरी होते. आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, जुन्या लॅपटॉपवर पुन्हा ती चौकट उमटली होती, 'नवीन अपडेट आले आहेत, आत्ता घ्यायचे की नंतर' असं विचारणारी. या वेळी तिच्यात लाल अक्षरांत काहीतरी जास्तीचं लिहिलेलं दिसलं म्हणून मी कुसुमला ऑफिसात फोन लावला, कारण त्या लॅपटॉपची डॉक्टर तीच. "ताई, मीटिंग सुरू होतेय. आईंना सांगा, रोजचंच करा. मी नंतर बोलते हं," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला. चहाच्या वेळेला माझ्या दिराचा, मिलिंदचा, फोन आला. "वहिनी, कुसुम ऑफिसात पडली म्हणे... मी निघालोय, पण तुम्ही जवळ आहात, तुम्ही आधी पोचा." मी आधी पोचले. पोचून करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. पंचेचाळिशीसुद्धा गाठली नव्हती तिनं. या गोष्टीला आता दीड महिना होत आला, आणि अजूनही फोन वाजला की आधी तिचंच नाव दिसेल असं मला वाटतं.

कुसुम मूळची गढवालची, पण जन्म, शाळा, मैत्रिणी सगळं आर. के. पुरममधलं, कारण वडील सरकारी नोकरीत. आमचे सासरेही सरकारी नोकरीपायीच दिल्लीला आलेले आणि क्वार्टर तिथलंच, तेव्हा तिची आणि मिलिंदची ओळख कशी झाली हे वेगळं सांगायला नको. पुढे ती नोएडातल्या एका कंपनीत नेटवर्कचं काम करू लागली आणि दोघांनी लग्न ठरवलं. आईंनी लग्नाला नाही म्हटलं नाही. त्यांनी त्याहून अवघड गोष्ट केली, त्यांनी सुनेला मान दिला. माझ्याशी त्या 'अगं मेधा, कुकर लावलास का' असं बोलायच्या. कुसुमशी मात्र हिंदीत, आणि तेही 'आप' म्हणून. आता आईंचं हिंदी म्हणजे उभा जन्म दिल्लीत काढूनही भाजीवाल्यापुरतंच. "आप बैठिए, मैं चाय टाकती हूँ," असं त्या म्हणाल्या की सासरे वर्तमानपत्रात तोंड घालून हसायचे. कुसुमनं मिलिंदचं पहाडगंजच्या मराठी शाळेतलं पहिलीचं पुस्तक मिळवून लग्नाआधीच मराठी शिकायला घेतलं होतं. तिनं विचारावं, "आई, मी काय मदत करू?" आणि आईंनी म्हणावं, "नहीं नहीं, आप बैठिए." पाहुण्याला पाटावर बसवून ठेवावं तसं त्यांनी तिला कितीतरी वर्षं बसवून ठेवलं. यावरून ती माझ्यापाशी कधी रडली नाही. एकदाच म्हणाली, "ताई, आई तुम्हाला रागावतात ना, ते ऐकून मला तुमचा हेवा वाटतो." 

सासरे गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आल्या आणि त्यांच्याबरोबर तो लॅपटॉप आला. सासऱ्यांनी निवृत्तीनंतर हौसेनं घेतलेला, जाडजूड, उचलायला दोन हात लागतील असा. आईंना वापरता यावा म्हणून त्यांनी लागतील त्या चार-पाच बटणांवर लाल नेलपॉलिशचे ठिपके देऊन ठेवले होते. त्या ठिपक्यांच्या आधारानं आई रोज दिवेलागणीला सांगलीच्या बेबीमावशींशी बोलायच्या. बेबीमावशी ही आईंची पाठची बहीण. कानांनी जवळजवळ ऐकू येत नाही, पण ओठ बघून सगळं समजतं. त्यामुळे साधा फोन बिनकामाचा, समोर चेहरा चांगला मोठा दिसायला हवा. दोघी बोलायच्या तरी काय, तर आज भाजी कसली केली, कुणाची मंगळागौर झाली, कुणाच्या सुनेनं काय दिवे लावले. पण दिल्लीत आईंच्या वाट्याला आलेलं निवांत मराठी तेवढंच. आणि एक दिवस त्या लॅपटॉपचं वायफाय मेलं. दुरुस्तीवाल्यानं हात जोडून सांगितलं, "आंटी जी, अब इसको म्यूज़ियम में दे दो." सुधीरनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, नवा टॅब आणला, पण आईंचा हात थरथरतो, काचेवर नको तिथं बोट लागून मावशी दर मिनिटाला नाहीशा व्हायच्या. मग लॅपटॉपला बाहेरून खोचायचं एक यंत्र आणलं. ते पदरात अडकून दुसऱ्याच दिवशी मोडलं आणि मोडताना चालू असलेल्या एकुलत्या एका खाचेचंही वाटोळं करून गेलं.  आई दिवा लावून झाला की खोलीत जाऊन पडू लागल्या, जेवण निम्म्यावर आलं. तिकडून मावशींच्या सुनेचा निरोप आला, की मावशीही संध्याकाळी बंद पडद्यासमोर बसून असतात. दोघींची वयं बघता या संध्याकाळी पुन्हा मिळणाऱ्या नव्हत्या, आणि हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

हे ऐकून कुसुम पुढच्याच रविवारी मेट्रोनं आली ती पर्समध्ये स्क्रू ड्रायव्हर घेऊनच. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिनं लॅपटॉप पालथा घातला आणि उघडला. वायफायचं कार्ड जळलेलं निघालं. त्या जातीचं कार्ड आता कुठं मिळत नाही, म्हणून नेहरू प्लेसमध्ये हिंडून तिनं कुठल्यातरी मोडक्या लॅपटॉपमधलं निराळंच कार्ड पैदा केलं, अर्ध्या ग्लुकोज बिस्किटाएवढं. ते आत बसलं चपखल, पण लॅपटॉप त्याला ओळखच देईना. "हा कार्ड खराब नाही, ताई," ती म्हणाली, "ह्याची भाषा समजणारा आत कोणी नाही." मग तिनं मला समजावलं ते असं, की कार्ड आणि लॅपटॉप यांच्यामध्ये एक दुभाष्या लागतो. या कार्डाच्या भावंडासाठी कुणीतरी तसा दुभाष्या लिहून ठेवलेला होता, पण तो फक्त ठरलेल्या नंबरांच्या कार्डांशी बोलतो, बाकीच्यांकडे ढुंकून बघत नाही. कुसुमनं त्याच्यात आपल्या कार्डाचा नंबर घातला. मला वाटलं, झालं. कसलं काय... नंबर घातल्यावर ओळख पटली, पण बोलणं होईना. पुढच्या रविवारी बोलणं झालं, तर पाच मिनिटांत दोघं गप्प. त्याच्या पुढच्या रविवारी लॅपटॉप सुरूच होईना आणि मी मनातल्या मनात नारळ बोलले. आई सोफ्यावर जपमाळ घेऊन बसलेल्या असायच्या. मधूनच म्हणायच्या, "आप पहले खाना खाइए, वो मरने दो." कुसुम मान वर न करता म्हणायची, "होईल, आई. थोडा राहिला आहे."

आणि एका रविवारी भरदुपारी पडद्यावर नावांची रांग उतरली. शेजारच्या शर्मांचं वायफाय, वरच्या मजल्यावरच्या कुणाकुणाचं, आणि मधोमध आमचं. कुसुमनं आईंना हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि ठिपक्याचं बटण दाबायला सांगितलं. तिकडे मावशी झोपेतून उठून आल्या, केस विस्कटलेले, चष्मा वाकडा. दोघी बहिणी एकमेकींकडे बघत राहिल्या. आपलं इथं काम संपलं असं वाटून कुसुम सामान गोळा करून स्वयंपाकघराकडे निघाली. तेवढ्यात आईंनी पडद्यावरची नजर न काढता हात मागे केला. "अगं ए, कुठं चाललीस? इकडे ये, बस इथं. बेबी, ही बघ कुसुम. आमची धाकटी." कुसुम होती तिथंच उभी राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं, आपण ऐकलं ते खरं ना, असं विचारल्यासारखं. मी मान हलवली तेव्हा ती पुढे झाली आणि आईंच्या खुर्चीला टेकून जमिनीवरच बसली. 'आप' गेलं ते त्या दिवशी गेलं, पुन्हा आमच्या घरात आलं नाही.

त्यानंतर आईंनी तिला रागवायला सुरुवात केली आणि कुसुम खूश. कुसुमनं लॅपटॉपवर सगळं मराठीत करून दिलं होतं. "आई, हा रोज विचारणार, आत्ता की नंतर. तुम्ही रोज नंतर बोला. आत्ता बोललात तर माझा सगळा काम धुतला जाईल, कार्ड परत अनोळखी होईल." आईंनी कपाळाला हात लावला. "'नंतर बोला' नाही गं, 'नंतर म्हणा'. नंतर बोला म्हणजे मग बोलू, सवडीनं. आणि काम तो नसतो, ते असतं." कुसुम म्हणाली, "बिल्कुल, आई. नंतर बोला." तिला चूक कळलेली होती, पण दुरुस्त करणं नको होतं, कारण दर रविवारी त्यावरून बोलणी खायला मिळायची. आमच्या घरात तो शब्दच होऊन बसला. भांडी घासायची आहेत? नंतर बोला. सोसायटीची वर्गणी? नंतर बोला. कार्ड आता ठणठणीत होतं, तरी ती 'तपासणी'च्या नावाखाली दर रविवारी येत राहिली. अपडेट आले तरी बिघडणार नाही असं पक्कं काम मात्र करायचं राहिलं होतं. "करते, ताई, जरा वेळ मिळू दे." मग आम्ही दोघी गॅलरीत चहा घेऊन बसायचो आणि ती माझ्या मराठीत किती इंग्रजी शब्द आहेत ते मला ऐकवायची. मला सख्खी बहीण नाही. कुसुम मला हवी होती, अजून हवी आहे, आणि याहून निराळ्या रीतीनं ते मला सांगता येत नाही.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं आटोपून आम्ही घरी आलो. दिवेलागणी झाली आणि लॅपटॉप वाजू लागला. मावशींना कळवायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. "आई, मी बोलतो," सुधीर म्हणाला. आईंनी त्याला बाजूला केलं आणि खुर्चीत बसल्या. समोर मावशी हसत होत्या. "कुसुम गेली," आई म्हणाल्या. पण ओठ थरथरत होते, मावशींना ते वाचता येईनात. "कुसुम कुठं गेली? माहेरी?" त्यांनी विचारलं. आईंनी पुन्हा सांगितलं, मावशींनी पुन्हा कानामागे हात धरला, जसं काही त्यानं ऐकू येणार होतं. मग आईंनी पदरानं तोंड पुसलं, पडद्याच्या अगदी जवळ सरकल्या, आणि लहान मुलाला बोलायला शिकवावं तसं एकेक अक्षर ओठांनी घडवून म्हणाल्या, "कु-सु-म... वा-र-ली. आपली कुसुम वारली, बेबी." मरणाच्या बातम्या मीही सांगितल्या आहेत, घाईघाईनं, आवाज खाली घेऊन. इतक्या सावकाश, इतकी स्पष्ट सांगावी लागलेली मी दुसरी पाहिली नाही.

तेरावं झालं आणि एका संध्याकाळी ती चौकट पुन्हा आली, लाल अक्षरांसकट. सुधीर जवळच होता. "आई, सिक्युरिटीचं आहे, यार, किती दिवस असं ठेवायचं?" म्हणत त्यानं 'आत्ता'च्या बटणाकडे बोट नेलं. आईंनी त्याचं मनगट धरलं. "हात काढ. तिचं काम आहे ते." सुधीरनं हात काढला. मग म्हणाला, नवा मोठा लॅपटॉप घेऊ, मी ठिपके देऊन देतो, सगळं तसंच करू. त्याचं काही चुकत नव्हतं. मिलिंदनं कुसुमच्या ऑफिसातल्या एकाला विचारून पाहिलं. तो भला माणूस म्हणाला, बिघडलं तर बघू, पण तिनं आत काय काय केलंय ते तिलाच माहीत. म्हणजे एकदा 'आत्ता' म्हटलं की तिचा हात त्यातून पुसला जाणार, आणि न म्हटलं तरी आज ना उद्या ते कार्ड, तो पडदा, काहीतरी जाणारच. हे आईंना कळतं. मलाही कळतं.

मिलिंद आता रविवारी एकटाच येतो. कुसुम बसायची त्या खुर्चीत बसतो. परवा तो आलेला असताना दिवेलागणीला आईंनी लॅपटॉप उघडला. चौकट आली. आईंनी चष्मा लावला, ती पूर्ण वाचली, रोज वाचतात तशी, आणि पडद्याकडे बघून हलक्या आवाजात म्हणाल्या, "नंतर बोलते गं."

"आई, 'म्हणते'," मिलिंदच्या तोंडून घरातल्या सवयीनं निघून गेलं.

"ठाऊक आहे मला," आई म्हणाल्या, आणि त्यांनी 'नंतर'च्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं.