नरसिंगचा पत्रा

लातुरात तेलाच्या गिरणीमागच्या गोदामात एके काळी प्रायोगिक नाटकं व्हायची. प्रायोगिक म्हणजे काय, तर रंगमंचावर नऊ माणसं आणि समोर सात, त्यातली पाच वरच्यांचीच नातेवाईक. या थोर चळवळीत नरसिंग पडद्यामागे सहा फुटी पत्रा टांगून उभा राही. इशारा आला की पत्रा हलवायचा, म्हणजे आभाळ गडगडल्यासारखं वाटायचं. पंधरा वर्षं त्यानं एवढंच केलं, पण जीव ओतून.

त्र्याण्णवला भूकंप झाला. त्याची थोरली बहीण सरजाबाई गावाकडं दगडमातीखालून जिवंत निघाली, पण छपराखाली जायचं तिनं सोडलं. तीन महिन्यांनी दिग्दर्शक अनंतरावांना भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी प्रयोग करायची लहर आली. कचेऱ्या-कचेऱ्यांतून तिकिटं गळ्यात मारली आणि गोदाम जन्मात पहिल्यांदा भरलं. सरजाबाईही आली, भावाचं काम बघायला. "वर नुसते पत्रे हाईत आक्का, अन् मी हाय ना," म्हणत नरसिंगनं तिला हाताला धरून आत बसवलं.

मग तो अनंतरावांकडं गेला. "साहेब, आज गडगडाट नको. लोक अजून अंगणात झोपून राहिलेत."

"कलेत तडजोड नाही, नरसिंग."

नरसिंगनं पत्रा हलवला. अर्ध्या मिनिटात गोदाम रिकामं. सगळ्यांत पुढं तडजोड न करणारे अनंतराव, राजाच्या पोशाखात, एका पायात मोजडी. सरजाबाई दारात तुडवली गेली, पाय मोडला. भावाला ती एवढंच म्हणाली, "तू हाय म्हणून आले होते रे." नरसिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नाटक संपलं ते कायमचंच. पुढं लातूरला घरटी एक डॉक्टर काढायचं वेड लागलं आणि गोदामात क्लास आला. आता रोज चारशे प्रेक्षक, आणि एखाद्यानं जांभई दिली तर थेट बापाला फोन. नरसिंग तिथंच शिपाई झाला. त्याच्या पत्र्यावर गुणवंतांचे फोटो चिकटवून क्लासवाल्या सुदर्शन सरांनी तो दारावर टांगला. वारा सुटला की गुणवंत गडगडायचे.

एका जूनमध्ये सरजाबाई लंगडत आपल्या नातीला, आरतीला, क्लासला सोडायला आली. तेवढ्यात पत्रा वाजला. तिनं पोरीचं मनगट गच्च धरलं, ते सोडेचना.

नरसिंग शिडी घेऊन आला.

"अहो, ती आपली ओळख आहे," सर धावत आले. "त्यात तडजोड नाही."

"हे मी मागं ऐकलंय, सर." तो वर चढला, दोऱ्या कापल्या, पत्रा जमिनीवर आडवा घातला आणि वर स्वतः उभा राहिला.

"आता वाजत न्हाई, आक्का."

सरजाबाईनं पत्र्याकडं पाहिलं, मग भावाकडं, आणि मनगट सोडलं.