रोवेनाच्या लग्नाचं हरीण

लेस्टर टिंडलच्या कपाळावर, उजव्या भुवईच्या जरा वर, दोन चंद्रकोरी होत्या. गोळी सुटली की रायफल मागे हाणते, आणि डोळा तिच्यावरच्या नेमाच्या दुर्बिणीला, स्कोपला, चिकटवून बसलेल्या माणसाला स्कोपची कड कपाळात बसते. आमच्या जेराल्डीन गावाकडे बहुतेकांना ही खूण एकदा होते, पोरवयात. मग माणूस डोकं मागे ठेवायला शिकतो. लेस्टरला पहिली खूण झाली तेव्हा त्याला एक लग्नाळू होत आलेली मुलगी होती. दुसरी त्यानंतर झाली.

"हा स्कोपचा दोष," तो म्हणायचा. "डोळ्याला जागाच कमी ठेवलीय बनवणाऱ्यानं."

तो शेतीची यंत्रं विकायचा. मी डोंगरउतारांवर कुंपणं घातली, गुडघे संपेपर्यंत. आमची घरं शेजारी, म्हणून ओळख. दोस्ती म्हणणार नाही.

शनिवारी सकाळी तो मॉरीच्या बंदुकांच्या दुकानात सापडायचा. गिऱ्हाईक म्हणून कमी, मास्तर म्हणून जास्त. कुणी नवखा दुर्बीण बघायला आला की हा पुढे.

"आठ पट? आठ पटीनं काय बघणार आहेस, स्वतःचे बूट? बारा पट घे."

"बारा पटीला हात हलला की सगळा डोंगर हलतो," मी म्हणालो.

"तुझा हलत असेल, बर्नी. जन्मभर खांब ठोकलेस ना."

"ठोकले. म्हणूनच हलत नाही."

मॉरी काउंटरमागे काहीतरी पुसत राहायचा. त्याला लेस्टर हवा असायचा. असा फुकटचा विक्रेता रोज मिळत नाही.

चांगल्या काचेशी माझं वैर नाही. स्वस्तातल्या दुर्बिणीतून तासभर बघितलं की डोकं ठणकतं, आणि अंधार पडायच्या वेळी, म्हणजे हरणं बाहेर येतात नेमक्या त्या वेळी, तिच्यात राख कालवल्यासारखं दिसतं. पुढची काच रुंद असली की तेव्हाही उजेड मिळतो, हे खरं. ती रुंद, जड काच कुणालातरी पाठीवर घेऊन डोंगर चढावा लागतो, हेही खरं. लेस्टर दुकानात फक्त पहिलं खरं सांगायचा.

आणि काच कितीही चांगली असली तरी बघायचं काम माणसालाच करावं लागतं. समोरची उतरण घ्यायची, तिचे पट्टे पाडायचे, एकेक पट्टा सावकाश चाळायचा. झुडपाच्या फांद्यांत एखादी फांदी जास्त गुळगुळीत दिसते का, ते बघायचं. ते शिंग असतं. ढुंगण गारठतं, मान आखडते, तरी बसायचं. लेस्टर दुर्बीण डावीकडून उजवीकडे एकदा फिरवायचा, रंग मारणारा ब्रश फिरवतो तशी, आणि जाहीर करायचा, "इथं जनावर नाही."

तर या माणसानं मुलीच्या साखरपुड्याला, सगळ्या पाहुण्यांसमोर, ग्लास उंच करून सांगितलं, "रोवेनाच्या लग्नात जेवायला हरीण असेल. मी स्वतः मारलेलं. खाटकाला कुणी फोन करायचा नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रोवेना लाजली नाही, तिला खरंच बरं वाटलं. ही मुलगी दुधाचा टँकर चालवते, उगाच भुलणारी नाही. पण बापानं तिच्यासाठी काहीतरी हातानं करायचं कबूल केलं होतं, आणि ते तिनं मनात धरलं. पुढे नवऱ्याच्या घरच्यांनी मेंढे देऊ केले, तेव्हा तिनं सांगितलं, "नको. बाबा हरीण आणणार आहेत."

लेस्टरनं त्या हंगामात काय केलं? नवा स्कोप घेतला. वर एक घुंडी. अंतर मोजायचं, त्या आकड्यावर घुंडी कट कट फिरवायची, आणि नेम थेट धरायचा. गोळी दूर जाताना खाली पडते तेवढा हिशेब घुंडी करते. पाच पटीपासून पंचवीस पटीपर्यंत जवळ आणणारा. आठवडाभर तो घराच्या ओट्यावर बसून समोरच्या टेकडीवरच्या मेंढ्यांची अंतरं मोजत होता. टेकडी एकदाही चढला नाही.

एप्रिलात नर माजावर येतात, हंबरतात, सावधपणा विसरतात. लग्न त्याच महिन्यात होतं. मारलेलं जनावर टांगून मुरवायला निदान आठवडा लागतो, म्हणजे लेस्टरकडे शेवटचा शनिवार-रविवार उरला होता. आधीचे सगळे त्यानं पावसावर, वाऱ्यावर आणि कंबरेवर ढकलले होते.

रोवेना माझ्याकडे आली. "बर्नीकाका, तुम्ही जाल का त्यांच्याबरोबर?"

"शिकार मी करणार नाही. माझी रायफल मी भाच्याला देऊन टाकलीय."

"शिकार नको. त्यांना वरपर्यंत न्या फक्त. ते खालीच बसतील हो."

गेलो. रंगिटाटा नदीच्या वरच्या अंगाला, पात्रातल्या गोट्यांतून गाडी जाईल तिथवर नेली आणि ओढ्याच्या कडेनं चालू लागलो. पहिल्याच सपाटीवर लेस्टर बसला.

"इथून सगळं दिसतं."

"इथून मोटारही दिसते, लेस्टर. हरणांनाही दिसते."

धापा टाकत, शिव्या घालत तो आणखी दोन टप्पे वर आला. मग एका खडकाआड आम्ही बसलो आणि मी उतरण चाळायला घेतली. पलीकडच्या घळीच्या माथ्यावर नर होता. मी दाखवला. लेस्टरनं अंतर मोजलं.

"सहाशे! सहाशे मीटर, बर्नी. हा स्कोप याच्यासाठीच आहे."

"जवळ जाऊ. मध्ये घळ आहे, आडोसा आहे."

"पायी जाऊन कुणीही मारेल."

त्यानं घुंडी फिरवली. कट कट कट. पंचवीस पट लावली. तो नीट आडवा पडेपर्यंत नर झाडीत शिरला. शिव्या घातल्या त्यानं. मी म्हणालो, चहा घे.

चहा पिऊन झाला. बायकोनं दिलेलं अंड्याचं सँडविच त्यानं खाल्लं, काचा पुसल्या. तेवढ्यात मागच्या बीच वृक्षांच्या झाडीतून हंबरणं ऐकू आलं. जवळून. मी त्याच्या खांद्याला हात लावला. दुसराच नर होता, मोठा, चिखलात लोळून काळा झालेला. झाडीबाहेर आला आणि उघड्यावर आडवा उभा राहिला, आमच्याकडे बघायचीही फिकीर न करता. अंतर जेमतेम शंभर मीटर. असा नर माणसाला पुन्हा दिसत नाही.

लेस्टरनं रायफल खडकावर टेकवली.

"मार," मी पुटपुटलो.

"केस दिसतायत."

"काय?"

"नुसते केस! कुठले ते कळत नाही!"

"पट कमी कर, माणसा!"

त्यानं पट कमी केली. नर उभाच. बार झाला. नराच्या पाठीवरून, मागच्या दरडीत माती उडाली. नरानं डोकं उचललं. दुसरा बार. माती पुन्हा तिथंच.

"वरून जातेय," मी म्हणालो. "खाली धर."

"मला शिकवू नकोस!"

तिसरा बार वरूनच गेला आणि नरही गेला. केसालाही धक्का न लागता, चार ढांगांत.

लेस्टरनं पडल्यापडल्या स्कोपची काच बाहीनं पुसली. मग म्हणाला, "स्कोप बिघडलाय. गाडीत आदळला असणार. तू दगडांतून हाकलीस ना."

मी घुंडीकडे बोट दाखवलं.

ती सहाशेवरच होती. सहाशे मीटरवर गोळी पडेल म्हणून उचललेला नेम, शंभरावर पाठीवरून जाणारच. स्कोपनं त्याला सांगितलं होतं तेच आणि तेवढंच केलं होतं.

लेस्टरनं बघितलं. मान लाल झाली. उठला, माझ्याकडे पाठ केली, बुटाची नाडी बांधायला वाकला आणि रायफल जवळ ओढली. ओढ्याच्या आवाजात मला ऐकू येणार नाही असं त्याला वाटलं असावं. कट कट कट. घुंडी शून्यावर, म्हणजे जवळच्या नेमावर, आली. मग नाडी बांधली. ती सुटलेली नव्हतीच.

रविवारी पाऊस लागला. आम्ही घरी आलो तेव्हा रोवेना ओट्यावर उभी होती. गाडीच्या मागच्या बाजूला बघून तिला कळलं.

"काय झालं, बाबा?"

"स्कोप सदोष निघाला. तीन गोळ्या, तिन्ही वरून. पैसे घेतात आणि कचरा देतात. बर्नीला विचार."

रोवेनानं माझ्याकडे बघितलं.

"मला नको विचारूस," मी म्हणालो. "घुंडी माझ्या हातात नव्हती."

दुसऱ्या दिवशी टँकरची पाळी संपल्यावर बापाची तीच रायफल घेऊन ती आमच्या मागच्या कुरणात आली. बापानंच तिला लहानपणी परवाना काढायला लावला होता. शंभर मीटरवर लाकडी पाटी, पाटीवर कागद. वाळूच्या पिशव्यांवर रायफल नीट बसवली, श्वास सोडला, घाई केली नाही. तीन गोळ्या. कागद काढून आणला तेव्हा तिन्ही भोकं काळ्या वर्तुळात, एका कपाच्या तोंडाएवढ्या जागेत होती.

"स्कोप ठीक आहे," ती म्हणाली.

"ठीक आहे."

"मग?"

"मग काय ते विचारायला तुझा बाप आहे ना घरात."

ती घरी गेली. मोठ्यानं बोलल्याचा आवाज आला नाही. त्या संध्याकाळी तिनं सासरी फोन करून मेंढे मागून घेतले. तो कागद तिनं फ्रिजवर लावला, लोहचुंबकाखाली, दुधाच्या वेळापत्रकाशेजारी. लेस्टर लग्नापर्यंत रोज त्याच फ्रिजमधून दूध काढत होता. मॉरीच्या दुकानात मात्र सदोष स्कोपची कहाणी रंगत गेली. शेवटी शेवटी नर तीन झाले होते.

लग्न हॉलमध्ये होतं. मेंढ्याचं मांस झकास भाजलं होतं. कुणीतरी ओरडलं, "लेस्टर, हरीण कुठंय रे?" हशा पिकला. बापानं बोलायची वेळ आली तेव्हा लेस्टर उठला. त्याच्या ताटाखाली काहीतरी होतं. रोवेनानं ठेवलेलं. कडेनं एक गोल भोक दिसत होतं. त्यानं फ्रिजवरचा तो कागद ओढून काढला. रोवेना त्याच्याकडे बघत नव्हती, हातातला जेवणाचा काटा उलटापालटा करत होती.

"स्कोप चांगला होता," लेस्टर म्हणाला. "मी घुंडी मागे घ्यायला विसरलो. नर शंभर मीटरवर उभा होता."

कुणी हसलं नाही, कारण पुढे काही विनोद येणार असं सगळ्यांना वाटलं. आला नाही. तो खाली बसला. रोवेनानं त्याच्या ताटात मांसाचा आणखी एक तुकडा वाढला.

तेवढं एक वाक्य काढताना त्याला घाम फुटला होता. मी समोरच होतो, मला दिसलं. लेस्टर टिंडलला कामानं घाम आलेला मी इतकी वर्षं शेजारी राहून पहिल्यांदाच पाहिला.