बाळापूरपर्यंत चार बोल्ट

काकांची अट साधी होती. त्यांची तरुणपणातली मोटारसायकल, जी वर्षभर माझ्याकडे दुरुस्तीला होती, ती अमरावतीहून बाळापूरला स्वतःच्या चाकांवर आणली तर माझी. टेम्पोत घालून आणली, तर ती चुलतभावाच्या ढाब्यापुढे चौथऱ्यावर उभी राहणार, अंगाला दिव्यांच्या माळा गुंडाळून. इंजिन मी स्वतः खोलून जोडलं होतं, त्यामुळे मला शंका नव्हती. शंका घरच्यांना होती. "टेम्पोवाल्याचा नंबर तरी घेऊन जा," आई म्हणाली. मी मुद्दाम घेतला नाही.

थंडीतल्या सकाळी निघाले. जुनी गाडी काढणाऱ्यांनी पेट्रोल आणि पोटपूजा बडनेरा सोडण्याआधीच उरकावी. मी दह्यातला गिला वडा हाणला आणि चौपदरी रस्त्याला लागले. रस्ता झकास आहे, पण डावी कड सोडू नका, ट्रकवाल्यांना आपल्या म्हातारीचं कौतुक नसतं. दोन्ही बाजूंना तूर उभी होती. मी हेल्मेटमध्ये मोठ्यानं गात होते.

मूर्तिजापूरच्या पुढे इंजिन फुसफुसायला लागलं. थांबून पाहिलं तर सिलिंडर आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्या सांध्यावर तेलाची काळी ओल. सांध्यातलं नवं गॅस्केट तापून दबतं आणि वरचे बोल्ट सैल पडतात. घरी एकदा आवळले होते, पण पहिल्या लांब पल्ल्यात पुन्हा सैलावले. तसंच दामटलं असतं तर गॅस्केट जळलं असतं, आणि मग टेम्पोच. बरं, हे बोल्ट गरम इंजिनावर आवळायचे नसतात. इंजिन पार थंड होईपर्यंत थांबायचं. थांबणं हा माझा प्रांत नाही.

कडेच्या झेंडूच्या शेतातून मालक, सुरेशभाऊ, आले. गाडी पाहिली, परतले आणि भरलेली बादली घेऊन आले.

"सरका ताई, पानी मारतो. आत्ता थंडी होते."

मी गाडी आणि बादलीच्या मध्ये उभी राहिले. "भाऊ, तापलेल्या हेडवर पाणी पडलं तर ते तडकेल!"

आमच्या वऱ्हाडात कुणाची अडचण लांबून बघत बसत नाहीत, आधी हात घालतात, मग विचारतात. सुरेशभाऊंचा चेहरा उतरला. झाडाखाली त्यांच्या बायको मंदाताई नवसाचे रोडगे भाजत होत्या. कणकेचे हे गोळे गोवऱ्यांच्या गरम राखेत पुरून ठेवतात.

"यायले सारं आत्ताच पायजे," त्या म्हणाल्या. "रोडगे बी दोनदा उकरून पाह्यले. तुमी बसा बाई. रोडगे होतीन तवर गाडी बी थंडी होईन. आज जेवल्याबिगर कोनाले जाऊ देत नाही."

तुपात कुस्करलेला रोडगा आणि वांग्याची अशी झणझणीत भाजी की नाकाडोळ्यांतून पाणी. दुसऱ्यांदा वाढलं तेव्हा घाईचा विसरच पडला होता.

मग हेडवर तळहात टेकवला. थंडगार. ठरलेला जोर लागला की 'टक्' करणारा पाना काढला. ताडपत्री बांधताना एकच कोपरा खेचत नाहीत, तसंच इथेही समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे. तीन बोल्ट टक् बोलले. चौथा फिरतच राहिला. आतले आटे गेले असते तर खेळ खलास. पहिल्यांदाच मला खरीखुरी भीती वाटली.

"आना इकडं, मी मारतो एक झटका," सुरेशभाऊ उठले.

"बसा खाली!" मंदाताई आणि मी एकदमच ओरडलो.

श्वास रोखून केसभर आवळला. टक्.

अकोल्यात थांबलेच नाही. बाळापूरला काका दारातच उभे होते. त्यांनी माझ्या मागे रस्त्यावर पाहिलं. "टेम्पो कुठं हाये?" मग वाकून हेडच्या सांध्यावरून बोट फिरवलं. बोट कोरडं. ते दोनदा पाहून झाल्यावर म्हणाले, "मले मांगं बसव." स्वतःच्या गाडीवर ते आयुष्यात पहिल्यांदा मागे बसले आणि किल्ल्यापर्यंत मला गिअर कधी बदलायचा ते सांगत राहिले.

मुक्काम करून दुसऱ्या दिवशी अमरावतीला परतले. गाडी थंड झाल्यावर पाना लावला. एकही बोल्ट हलला नाही. एवढ्या प्रवासातलं काय आठवतं म्हणाल, तर रस्ता नाही, त्या झाडाखालचं थांबणं.

संध्याकाळी काकांचा फोन आला. "माही गाडी कशी हाये?"

सांगितलं.

"मंग तुयी गाडी झाकून ठेव," ते म्हणाले. "दव पडून रायलं."

मी गाडीवर चादर घातली आणि तिथेच उभी राहून थोडी रडले.