जोडलेल्या बोटाची आखणी

मंडळी, आज दुपारी आमच्या मंदावहिनीने पेणच्या गणपती कारखान्यात पुन्हा कुंचला उचलला. मूर्तींचे डोळे तीच आखायची.

पाट कापताना करवतीत तिची तर्जनी तुटली, तेव्हा सगळे म्हणाले, बोट पुरून टाका. तिने ऐकलं नाही. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तसं ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून, बर्फावर ठेवून आम्ही ते मुंबईला नेलं. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने रक्तवाहिन्या शिवल्या. बोट जगलं.

आज कारखान्याचे शेठ म्हणाले, “वहिनी, डोळे नको. रंग ढवळा. खंडित बोट, गिऱ्हाईक काय म्हणेल?”

“जिते गावाहून बिनरंगाच्या कच्च्या मूर्ती येताना टेम्पोत बाप्पाची बोटं तुटतात. ती कोण जोडतं, शेठ?”

“आपणच.”

“ती चालतात. माझं तेवढं चालत नाय व्हय?”

वहिनीने डोळा आखायला घेतला. बोट अजून पुरतं वाकत नाही. रेघ सावकाश गेली, पण हलली नाही. दुसरा डोळा झाल्यावर शेठनी पुढची मूर्ती स्वतः तिच्यासमोर आणून ठेवली.

यंदा घरी बाप्पा आला की त्याच्या डोळ्यांकडे नीट बघा. जोडलेल्या बोटाने आखलेले कुठले, सांगता येईल?