घड्याळाखालचा ठिपका

ताईंच्या टेबलावरचं पेन कुणी उचललं, की फायलीतून मान वर न काढता त्या म्हणायच्या, "आधी विचारायचं." हिंदी माणसासाठी तेच वाक्य हिंदीत, "पहले पूछना था ना." आवाज चढत नसे. पण उचललेलं पेन परत टेबलावर ठेवायचं, विचारायचं आणि मग पुन्हा उचलायचं, हा सगळा विधी पार पडल्याशिवाय सुटका नव्हती. एकदा नव्याने आलेल्या साहेबांनाही तो करावा लागला. केबिनमध्ये परत जाताना त्यांचे कान लाल झाले होते. दोन वर्षांनी बदली झाली तेव्हा त्याच साहेबांनी ताईंना स्वतःचं पेन भेट दिलं. देण्याआधी विचारलं, "दूँ?"

तुमच्याही ऑफिसात अशी एखादी असेल, जिला सगळे वचकून असतात आणि जिच्याच डब्याभोवती दुपारी गर्दी होते. आमच्या सरकारी ऑफिसात ताई आवक-जावक सांभाळायच्या. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का, तारीख, क्रमांक. त्यांचे वडील राज्य सरकारच्या नोकरीत होते, ऑफिस नागपूरहून भोपाळला हललं तसे तेही आले आणि इथलेच झाले. घरात मराठी नागपूरची, भाजी घेताना हिंदी भोपाळची. माणूस एकटा. घरी फक्त पुस्तकं, रेडिओ आणि तुळस.

मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं. डाव्या मनगटावर मी नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर गोंदवून घेतलं होतं, नर्मदेकाठच्या एका जत्रेत, हौसेने. नवरा शेजारी उभा राहून "दुखतंय का, दुखतंय का" करत होता आणि शेवटी घेरी त्यालाच आली. ताईंनी पहिल्याच दिवशी ते अक्षर पाहिलं. "नवऱ्याचं नाव विसरशील म्हणून लिहून ठेवलंस?" मला इतका राग आला, की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी डब्यातली वांग्याची भाजी माझ्यापुढे सरकवून त्या म्हणाल्या, "तुला हवं होतं ना ते? मग माझं बोलणं मी मागे घेते."

त्या स्वतः मात्र हातात काचेची एक बांगडीही घालत नसत. उजवा हात मोकळा आणि डाव्या मनगटावर रुंद चामडी पट्ट्याचं घड्याळ, पुरुषी. कॉलनीतल्या बायका चिडवायच्या, "आंघोळीला तरी काढता का हो?" ताई हसायच्या आणि विषय बदलायच्या.

त्या घड्याळाची गोष्ट त्यांनी मला सहा-सात वर्षांनी सांगितली. एका दुपारी, डबा खाताना, पगाराची तारीख सांगावी इतक्या साध्या आवाजात. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं, नागपूरजवळच्या एका गावात. तिसऱ्या दिवशी सासूने गोंदणाऱ्या बाईला बोलावलं. त्या घरात सुनेच्या मनगटावर नवऱ्याचं नाव असे, सगळ्याच सुनांच्या. ताई नको म्हणाल्या. दोन नणंदांनी हात धरला. सुई दोन-तीनदा टोचली आणि ताई एका नणंदेच्या हाताला कडकडून चावल्या आणि सुटल्या. तसंच एस.टी. स्टँड, तशीच गाडी, भोपाळ. सासरी त्या पुन्हा गेल्या नाहीत. वडिलांनी वर्षभर समजावलं, मग टायपिंगच्या क्लासला घातलं.

"एवढ्यासाठी?" मी विचारलं. तेव्हा माझं वय लहान होतं आणि अक्कल त्याहून लहान.

"तो बाहेरच्या खोलीत बसला होता," ताई म्हणाल्या. "मी ओरडत होते ते ऐकू येत होतं त्याला. पेपर वाचत होता."

मग त्यांनी घड्याळ काढून दाखवलं. मोहरीएवढा हिरवट-निळा ठिपका. एका अक्षराची सुरुवात. नवऱ्याचं नावही त्यांनी त्या दिवशी सांगितलं, एकदाच. मी ते इथे लिहिणार नाही.

हे सगळं माहीत असल्यामुळे, माझ्या मुलीने जवाहर चौकातल्या एका टॅटूच्या दुकानात जाऊन खांद्यावर मांजराचा पंजा काढून आणला, तेव्हा मी तिला थेट ताईंपुढे उभं केलं. म्हटलं, आता ऐक चार शब्द. ताईंनी चष्मा लावून पंजा नीट पाहिला. आमचं म्हातारं मांजर त्या महिन्यात गेलं होतं.

"तुला हवं होतं?"

"हो."

"कुणी मैत्रिणीने भरीला घातलं नाही ना?"

"नाही, मावशी. मैंने खुद सोचा था."

"मग छान आहे," ताई म्हणाल्या आणि तिला चिवडा दिला. मी तोंडघशी पडले ते पडलेच.

माझा नवरा गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात होता. तो अचानक गेला. दिवसकार्य संपल्यावर पाहुणे परतले, तेव्हा ताई आल्या आणि माझ्याजवळ बसल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "हात लावू?" मी मान हलवली. त्यांनी माझ्या मनगटावरच्या अक्षरावर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं. इतकी माणसं सांत्वनाला येऊन गेली होती, पण मी रडले ती तेव्हा.

ताई निवृत्त झाल्या, काही वर्षांनी मीही. आनंद नगरात आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. एके दिवशी त्यांनी फोन करून सांगितलं, की छातीत गाठ आहे आणि डॉक्टरांनी कर्करोग सांगितला आहे. ऑपरेशन झालं. पुढे पंचवीस दिवस सिकाई घ्यायची होती. यंत्राखाली झोपवून किरणं देतात, त्याला इथे सगळे सिकाईच म्हणतात. रोज किरणं नेमक्या त्याच जागी पडायला हवीत, म्हणून छातीवर आणि दोन्ही कुशींवर खुणा लागतात. तंत्रज्ञ मुलीने सांगितलं, "तीन छोटे-छोटे टैटू बना देते हैं, ताईजी. बिंदी जितने भी नहीं."

"नको," ताई म्हणाल्या.

मग पेनने खुणा केल्या. त्यावर पाणी घालायचं नाही, घासायचं नाही. महिना मे. ताई ओल्या फडक्याने हात-पाय पुसत, पंख्याखाली ताठ बसून राहत. घाम कुणाला थांबतो? चौथ्या दिवशी सगळी शाई ब्लाउजला लागलेली आणि अंगावर नुसते जांभळे ओघळ. त्या दिवशीची सिकाई चुकली. सगळं माप पुन्हा घ्यावं लागणार होतं. डॉक्टर बाहेर आले, घाईत होते. म्हणाले, "तीन डॉट से क्या होता है? इस उम्र में कौन देखने वाला है?"

ताईंनी पिशवी उचलली आणि बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसल्या. "घरी चल. मी आता येणार नाही."

मी समजावलं. मी रागावले. डॉक्टरांचं बोलणं सोडून द्या म्हटलं, जिवापेक्षा ठिपका मोठा का म्हटलं. त्या समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. शेवटी मी त्यांचं मनगट धरलं आणि उठवायला ओढलं. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हात सोडला. इतक्या वर्षांत त्यांना न विचारता त्यांना हात लावणारी मी पहिली होते आणि त्याची लाज मला आजही वाटते.

थोड्या वेळाने ती तंत्रज्ञ मुलगी पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. म्हणाली, "ताईजी, आप मना करेंगी तो मैं रोज़ पेन से बना दूँगी. रोज़ थोड़ा टाइम ज़्यादा लगेगा, बस. पर सिकाई मत छोड़िए. आप बताइए, क्या करना है?"

ताई पाणी प्यायल्या. मग प्रश्न सुरू झाले, अगदी आवक-जावकच्या थाटात. सुई कसली? नवी असते का? शाई कुठली? किती खोल? कोण टोचणार? आत अजून कोण असणार? मुलगी एकेक उत्तर देत गेली. शेवटी ताईंनी घड्याळ काढलं आणि मनगट तिच्यापुढे धरलं.

"इतना?"

मुलीने वाकून पाहिलं. "इससे छोटा."

"कल कर देना. आज नहीं."

आजच झालं असतं तर एक दिवस वाचला असता. पण मी तोंड उघडलं नाही, तेवढं तरी शिकले होते. दुसऱ्या दिवशी ताई न्हाऊन आल्या, ठेवणीतली मोतिया रंगाची साडी नेसून. आत गेल्या आणि दहा मिनिटांत बाहेर आल्या. "दुखलं?" मी विचारलं. "दुखलं की," त्या म्हणाल्या, "पण जाऊ दे, चहा पिऊ." कॅन्टीनमध्ये त्यांनी चहाबरोबर दोन समोसे खाल्ले. महिन्याभरात त्यांना असं खाताना मी पाहिलं नव्हतं.

सिकाई पूर्ण झाली. त्यानंतर घड्याळ त्यांच्या हातावर दिसलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "वेळ आता मोबाईलमध्ये असते." अडीच वर्षं बरी गेली. रोज संध्याकाळी आम्ही कॉलनीच्या बागेत तीन फेऱ्या मारायचो आणि चौथी मारू की नको यावर वाद घालायचो. मग आजार परत आला, आणि या वेळी त्याने काही विचारलं नाही. गेल्या माघात, एका सकाळी, ताई गेल्या.

आंघोळ घालायला आम्ही तिघी होतो. मी, माझी मुलगी आणि शेजारच्या अम्मा. अम्मा रायसेनकडच्या, ऐंशीच्या पुढच्या. दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले. ताईंच्या आजारपणात रोज वाटीभर खिचडी त्यांच्याकडून यायची. त्यांनी ताईंचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हाथ तो सूने हैं बिटिया के. गोदना ही तो संगे जात है, बाकी सब इतई उतर जात." गोंदण तेवढं माणसाबरोबर वर जातं, बाकी दागदागिने इथेच उतरतात, असं त्यांच्याकडे मानतात. मग त्यांना मनगटावरचा तो ठिपका दिसला. त्यांनी माझ्या मुलीला काजळाची डबी आणायला पाठवलं.

"जे अधूरो है," अम्मा म्हणाल्या. "अधूरो ले के कैसे जैहै? नाम पूरो कर देत हैं. आदमी को नाम का हतो?"

त्यांच्या बोटाच्या टोकाला काजळ होतं. त्या म्हाताऱ्या बाईच्या मनात नुसती माया होती, हे मला दिसत होतं. नवऱ्याचं नाव मला माहीत होतं. ओठांवर आलंही असेल.

"मुझे नहीं पता, अम्मा," मी म्हटलं.

"तो भगवान को का दिखाहै?"

मी ताईंच्या छातीवरचं वस्त्र थोडं बाजूला केलं आणि मधला ठिपका दाखवला. मग एका कुशीवरचा आणि दुसऱ्या कुशीवरचा. अम्मांची नजर अधू, त्यांनी खूप खाली वाकून ते पाहिले, आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने एकेकाला स्पर्श करत मोजले.

"तीन हैं. किसके नाम के?"

"इनके अपने."

अम्मा सरळ झाल्या. मग त्यांनी काजळाचं बोट आपल्या पदराला पुसलं आणि तांब्या भरून घेतला.