समोरच्या चाळीत ठेवलेलं प्रस्थान

प्रवासाहून परतले की पहिले दोन दिवस घर फार गोड वाटायचं. गरम वरणभात, स्वतःची उशी, नळाचं पाणी. मग मात्र आमच्या गिरगावातल्या दोन खोल्या अंगावर यायला लागायच्या. मी पाठीवर सॅक चढवून गॅलरीत फेऱ्या मारायचे. खांद्यांची सवय मोडू नये म्हणून सॅकमध्ये वरवंटा आणि जुनी पुस्तकं भरलेली असत. मुलींच्या शाळेत शिकवणारी, लग्न न केलेली तिशीची बाई वरवंटा पाठीवर घेऊन येरझाऱ्या घालते, ही चाळीला फुकटची करमणूक होती. शेजारच्या काकू तांदूळ निवडता निवडता विचारायच्या, "काय गं, आज कुठवर पोचलीस?"

"कळसूबाईच्या पायथ्याशी."

"मग येताना करवंदं आण."

मी हसायचे, पण आतून भ्यायलेली असायचे. दिवाळीची सुट्टी संपली की मे महिन्यापर्यंत कुठे जायचं नाही. तेवढ्यात आपण इथंच मुरून जाऊ, एक दिवस सॅक खुंटीवरून काढावीशीच वाटणार नाही, अशी ती भीती होती. डोंगरात एकटी झोपले तरी मला इतकं भय वाटत नसे.

आई गेल्यापासून घरात अण्णा आणि मी, दोघंच. अण्णा म्हणजे माझे वडील, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले आणि नाशिकच्या पलीकडे कधी न गेलेले. "हिच्या पायाला भिंगरी आहे," एवढंच ते म्हणायचे. मला कधी अडवलं नाही. फक्त निघताना हातावर दही ठेवायचे, "जाते नाही, येते म्हण," असं बजावायचे, आणि मी गेल्यावर घरात केर काढायचे नाहीत. माणूस बाहेर पडल्यावर लगेच केर काढू नये, हे सगळेच पाळतात. अण्णा मात्र माझं पोचल्याचं कार्ड येईपर्यंत झाडूला हात लावत नाहीत, असं काकूंनी एकदा सांगितलं. मी म्हटलं, "मी कार्ड टाकायला विसरले तर चाळीला नाक धरून चालावं लागेल."

त्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. शाळा बंद, दुकानं बंद. आयती सुट्टी मिळालीच आहे तर दोघी सहशिक्षिकांबरोबर जुन्नरकडचे किल्ले पाहून येऊ, असं मी ठरवलं. निघायचा दिवस आला आणि गाड्याच बंद पडल्या. बांधलेल्या सॅकभोवती मी पिंजऱ्यात घातल्यासारखी फिरत होते. ते बघून अण्णांनी पंचांग उघडलं.

"मुहूर्त टळू द्यायचा नाही. प्रस्थान ठेवू."

ठरलेल्या वेळी निघता आलं नाही, तर प्रवासाला न्यायच्या दोन-तीन वस्तू बोचक्यात बांधून दुसऱ्याच्या घरी ठेवायच्या. मग माणूस घरी असला तरी निघालाच, असं धरतात. अण्णांनी माझी एक साडी, मूठभर तांदूळ आणि सुपारी बांधली आणि रस्त्यापलीकडे समोरच्या चाळीत, माझ्या मावशीकडे, स्वतः नेऊन ठेवली. परत येऊन म्हणाले, "झालं. आता तू निघालीस. उगीच फेऱ्या मारू नकोस." गंमत म्हणजे त्या रात्री मला शांत झोप लागली. पायांना ते पटलं असावं.

दुसऱ्या दिवशी गोळीबार सुरू झाला. गोळीचा आवाज मोठा असेल अशी माझी समजूत होती. तो वाळकी काटकी मोडल्यासारखा निघाला. पलीकडच्या गल्लीत गॅलरीत नुसत्या उभ्या असलेल्या माणसाला गोळी लागली, अशी बातमी आली. कर्फ्यू लागला. काकूंचं तांदूळ निवडणं आत गेलं. गल्लीच्या तोंडाशी पोलीस उभे राहिले, आणि जळक्या टायरांचा वास कपड्यांत बसला.

अण्णा सारखे मावशीच्या खिडकीकडे बघत होते.

"तू खाली जाणार नाहीस ना?"

"कर्फ्यूत कुठे जाऊ?"

"तुझं प्रस्थान बाहेर आहे."

"अण्णा, ते किल्ल्यांसाठी ठेवलंय."

"त्याला काय ठाऊक, कुठल्या वाटेसाठी ठेवलंय?" ते म्हणाले आणि मान फिरवली.

संध्याकाळी "काकूंकडे पेपर बघून येतो" म्हणून ते उठले. दिवेलागणीच्या आत आवरावं म्हणून मी झाडू घेतला, दोन्ही खोल्या झाडल्या, केर सुपलीत भरून दाराशी ठेवला. तेवढ्यात खाली शिट्टी वाजली, बूट धावले, आणि एक गोळी सुटली.

काकू दार ढकलून आत आल्या. "अगं, तुझे अण्णा खाली उतरले! मी हाका मारतेय, थांबतायत कुठे! समोर निघालेत. डोक्यावर टोपीसुद्धा नाही."

मी गॅलरीत धावले. काकूंनी हात ओढून मला खाली बसवलं. कठड्याच्या गजांतून पाहिलं, तर रस्ता मोकळा होता आणि मधोमध एक चप्पल पडली होती. कुणाची ते त्या उजेडात कळेना. मावशीची खिडकी बंद. खालून पोलीस ओरडला, "अंदर जाव! अंदर!"

आत आले, तर दाराशी ती भरलेली सुपली. अण्णा बाहेर पडले होते आणि मी त्यांच्यामागून केर काढला होता.

मी शाळेत विज्ञान शिकवते. ग्रहणात मुलींना मुद्दाम शेंगदाणे खायला लावणारी मी. मी सुपली उचलली आणि केर जमिनीवर पालथा केला. हातांनी पसरला, कोपऱ्यात लोटला, खाटेखाली सारला. केस, दोऱ्याचे तुकडे, पेन्सिलीची सालं, सगळं होतं तिथं परत नेत होते. काकू बघत उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

"तिकडे उंबऱ्याशी पण टाक," त्या म्हणाल्या.

रात्रभर मी त्या केरातच भिंतीला टेकून बसले. जिन्यावर जरा वाजलं की उठून दाराशी जायचे. घरी बसणं म्हणजे काहीच न घडणं, असं मी इतकी वर्षं समजत होते. अण्णा दर मे महिन्यात असेच बसत असणार, एकटे, आणि तेही दिवसचे दिवस.

सकाळी थोडा वेळ कर्फ्यू उठला आणि जिन्यात ओळखीचा खोकला ऐकू आला. अण्णा दारात उभे राहिले. काखेत माझं बोचकं, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी.

"गोळी सुटली तसा पळालो. मावशीनं आत ओढून कडी लावली," ते म्हणाले. "हे घे. प्रस्थान मोडलं तुझं. आता मे महिन्यात नीट जा."

मी बोचकं घेतलं आणि दारातून बाजूला झाले.

त्यांनी आत पाऊल टाकलं. अनवाणी तळव्याला कचकच लागली तसे थांबले. खोलीभर पसरलेल्या केराकडे पाहिलं, भिंतीशी उभ्या झाडूकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काढ आता," ते म्हणाले. "आलो ना मी."